विडी-सिगारेटची उधारी एकट्याने फिटत नाही
सुटलेल्यांना सोबत घ्या, सुटका सोपी होते

दुकानदार असो की कारखानदार, आपला माणूस हिशेबाला पक्का असतो. मालाची खरेदी, जागेचे भाडे, विजेचे बिल, कारागिरांची मजुरी आणि गिऱ्हाइकाची उधारी यांत दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री वही पुन्हा उघडली जाते. मात्र एक खर्च असा आहे की तो कोणत्याही वहीत चढत नाही. तो खर्च विडी-सिगारेटचा. गल्ल्यातून सुटे पैसे काढायचे, टपरीवर द्यायचे आणि विसरून जायचे, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चाललेला असतो.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. विडी ओढणाऱ्याचे रोज ३० रुपये जात असतील तर वर्षाला १०,९५० रुपये होतात. सिगारेटवर रोज १०० रुपये उडवणाऱ्याचे वर्षाला ३६,५०० रुपये होतात. एवढ्या पैशात शिलाई मशीन येते, हत्यारांचा नवा संच येतो किंवा मुलाची वर्षाची फी भरता येते. वेळेचा हिशेब तर याहून मोठा आहे. दिवसातून दहा वेळा काम सोडून उठायचे आणि प्रत्येक वेळी सहा मिनिटे घालवायची म्हटले तर रोजचा एक तास गेला. कामाचे ३०० दिवस धरले तर ३०० तास होतात. दहा तासांचा दिवस धरला तर हे पुरे तीस दिवस होतात. बारा महिन्यांतला एक महिना कारागीर धुरात घालवतो आणि तुकड्यावर मजुरी घेणारा असेल तर त्या महिन्याची मजुरीही धुरातच जाते.

पण खरे भांडवल पैसा नाही आणि वेळही नाही. कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे हात, डोळे आणि छाती. दुकानदाराचे भांडवल म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहण्याची ताकद. आपल्या बहुतेक धंद्यांत मालक हाच मुनीम आणि मालक हाच हमाल. तो आजारी पडला की शटर खाली येते. मोठ्या कंपनीत एक माणूस गेला तर दुसरा त्याच्या खुर्चीवर बसतो. आपल्याकडे उस्ताद गेला की त्याच्याबरोबर कसबही जाते आणि घराची चूलही थंड होते.

आकडे काय सांगतात?

भारतातील ११ लाख घरांच्या नमुन्यावर आधारलेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या पुरुषाचे सुमारे ६ वर्षांनी कमी होते. विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे नुकसान सुमारे ८ वर्षांचे आहे. विडी म्हणजे पानात गुंडाळलेली साधी वस्तू, तिने काही होत नाही, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. विडीत तंबाखू कमी असते हे खरे, पण ती विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोराने घ्यावे लागतात आणि धूर तितकाच खोल जातो.

क्षयाचे उदाहरण घ्या. तामिळनाडूतील पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ साली पुढे आला. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे त्यात आढळले. दाटीच्या वस्तीत, एका खोलीत सहा-सात कारागीर झोपतात आणि तिथेच काम करतात, अशा ठिकाणी याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापसाचा बारीक तंतू आधीच छातीत जात असतो. त्यावर धुराची भर पडली की दम्यासारखा त्रास अधिक बळावतो.

आता चांगली बाजू पाहू. इंग्लंडमध्ये १९५१ साली ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या सवयींची नोंद घेण्यास सुरुवात झाली आणि ती पन्नास वर्षे चालली. २००४ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. तिशीत सोडणाऱ्याची जवळजवळ पूर्ण १० वर्षे वाचतात. चाळिशीत सोडले तर सुमारे ९, पन्नाशीत सोडले तर ६ आणि साठीत सोडले तरी सुमारे ३ वर्षे पदरात पडतात. "आता या वयात सोडून काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या आपल्या बुजुर्गांना हा हिशेब जरूर दाखवावा. कोणत्याही वयात हा सौदा तोट्याचा नाही.

मग सुटत का नाही?

ओढणाऱ्या माणसाला हे सारे ठाऊक असते. पाकिटावरचे भयानक चित्र तो रोज पाहतो. पुष्कळांनी दोन-चार वेळा सोडूनही पाहिलेले असते. पण कोणाच्याही मदतीशिवाय, केवळ मनाच्या जोरावर सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे साधारण तीन ते पाचच निघतात, असे अभ्यासांतून दिसलेले आहे. याचा अर्थ उरलेले पंचाण्णव नालायक आहेत असा नव्हे. निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे आणि त्याची मागणी शरीर करते, हे पहिले कारण.

दुसरे कारण आपल्या बाजारात आहे. आपल्याकडे धूर हा एकट्याचा नसतो. वीज गेली आणि माग थांबले की सगळे बाहेर येऊन विडी पेटवतात. गिऱ्हाईक नसेल तर शेजारचा दुकानदार पाकीट पुढे करतो. सौदा ठरला की सिगारेट, सौदा मोडला तरी सिगारेट. मालाची गाडी उशिरा आली, चेक परत आला, कटिंग चहा आला, प्रत्येक वेळी हात खिशाकडे जातो. पुढे केलेली विडी नाकारली तर समोरच्याला तो अपमान वाटतो. अशा जागी एकट्या माणसाने "मी सोडली" असे म्हणायचे म्हणजे दिवसातून दहा वेळा आपल्याच दोस्तांशी भांडण करायचे. जी सवय दहा जणांत लागली आणि दहा जणांत टिकली, ती एकट्याने कोपऱ्यात बसून सुटणे कठीण. ती दहा जणांतच सोडावी लागते.

एका फसलेल्या सौद्याची गोष्ट

येथे एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे आणि ती एका व्यापारी माणसाचीच आहे. १९३५ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराशी संबंधित असलेले बिल विल्सन नावाचे गृहस्थ एका व्यवहारासाठी अमेरिकेतील ॲक्रन या गावी गेले. व्यवहार फसला. दारूचे जुने व्यसन काही महिन्यांपूर्वीच सुटलेले, खिशात पैसे बेताचे आणि हॉटेलच्या एका टोकाला दारूचा बार. पाय तिकडे वळण्याच्या आत त्यांनी फोन उचलला आणि गावातील धर्मोपदेशकांकडे चौकशी सुरू केली. दारूशी झगडणारा दुसरा कोणी माणूस मिळेल का, त्याच्याशी बोलायचे आहे, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यातून बॉब स्मिथ नावाच्या एका शल्यवैद्याशी त्यांची गाठ पडली. या दोघांच्या बोलण्यातून जी चळवळ उभी राहिली ती आज जगभर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या नावाने ओळखली जाते.

या गोष्टीतला मुद्दा नीट पाहावा. विल्सन यांनी फोन केला तो दुसऱ्याला वाचवण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. दुसऱ्याला हात देणारा स्वतःही उभा राहतो, हे त्यांच्या ध्यानात आले. याच धर्तीवर १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका सुरू झाल्या आणि पुढे त्या संघटनेने निकोटिन ॲनॉनिमस हे नाव घेतले. तेथे फी नसते. ज्याची सुटली आहे तो आपला अनुभव सांगतो आणि ज्याला सोडायची आहे तो ऐकतो.

गटाने सोडण्याचा फायदा होतो काय, याची तपासणी पुष्कळ झालेली आहे. निरनिराळ्या देशांतील प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की नुसती पुस्तिका वाचून सोडू पाहणाऱ्यांपेक्षा, नियमाने भरणाऱ्या गटांत सामील झालेल्यांचे सुटण्याचे प्रमाण दीड ते दोन पट आहे. उलट घरच्या माणसाला केवळ "जरा लक्ष ठेव" असे सांगून कायम सुटण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. हा फरक समजून घेण्यासारखा आहे. पहारेकरी मिळाल्याने सवय सुटत नाही. सोबती मिळाला तर सुटण्याची आशा अधिक.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जाते. तेथील १२ हजारांहून अधिक लोकांची १९७१ ते २००३ या काळातील माहिती अभ्यासकांनी तपासली. नवरा किंवा बायको यांपैकी एकाने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. दोस्ताने सोडली तर ती ३६ टक्क्यांनी घटली. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लहान आस्थापनात बरोबर काम करणाऱ्याने सोडली तर ती ३४ टक्क्यांनी घटली. सारखी माणसे मुळातच एकत्र येतात, त्यामुळे अशा आकड्यांचा अर्थ लावताना अभ्यासकांत वाद होतात हे खरे. पण लोक एकेकटे सुटत नाहीत, टोळक्या-टोळक्यांनी सुटतात, हे त्यात स्पष्ट दिसले. आमचे दुकान आणि आमचा कारखाना हे लहान आस्थापन नाही तर काय?

बाजारात मंडळ कसे बसवावे?

यासाठी ना इमारत लागते ना वर्गणी. पाच ते आठ माणसे पुरेत. त्यांत निदान दोघे असे हवेत की ज्यांची सुटून एक वर्ष तरी झाले आहे. आपल्या प्रत्येक बाजारात, प्रत्येक गल्लीत अशी माणसे आहेत, पण त्यांना कोणी विचारत नाही. डॉक्टरचा सल्ला आपण ऐकतो आणि विसरतो. "तो काय, त्याने कधी ओढली आहे?" असे मनात येते. पण पंचवीस वर्षे विडी ओढलेले चाचा जेव्हा सांगतात की तिसऱ्या दिवशी माझीही चिडचिड झाली होती, गिऱ्हाइकावर ओरडलो होतो आणि आठवड्यानंतर झोप नीट लागू लागली, तेव्हा ते ऐकावेसे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे सर्वांनी मिळून एक तारीख ठरवावी. धंद्याच्या ऐन गर्दीचे किंवा हिशेब चुकते करण्याचे दिवस टाळावेत. तारखेच्या आदल्या रात्री दुकानातील पाकिटे, विडीचे कट्टे आणि राखदाणी काढून टाकावी.

दुसरी गोष्ट, पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे भेटावे. सकाळी शटर उघडण्यापूर्वी किंवा रात्री इशानंतर, ज्याला जे सोयीचे असेल ते. प्रत्येकाने एवढेच सांगावे: आज ओढली की नाही, तलफ कधी आली आणि तेव्हा काय केले. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, डोके जड होणे, झोप न लागणे, भूक वाढणे, कामात लक्ष न लागणे हे सारे होते आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरते. हे आधीच माहीत असले की माणूस घाबरत नाही. त्यानंतर तीन महिने आठवड्यातून एकदा भेटले तरी चालते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक नव्या माणसाला एक जुना जोडीदार द्यावा. तलफ आली की जोडीदाराच्या दुकानात जावे किंवा फोन करावा. एक तलफ साधारण पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटे पाणी पिऊन, बडीशेप चघळून, दोन शब्द बोलून काढली की ती बाजी जिंकली. जोडीदाराने उपदेश करू नये. नुसते सोबत बसावे.

चौथी गोष्ट, कोणी घसरला तर त्याला मंडळातून काढू नये आणि चारचौघांत लाज आणू नये. लाजलेला माणूस बैठकीला येणे बंद करतो आणि टपरीवर जाणे सुरू करतो. एक विडी ओढली गेली म्हणजे सारे बुडाले असे नाही. एका दिवसाचा तोटा झाला म्हणून कोणी दुकान विकत नाही. कोणत्या वेळी, कोणाबरोबर घसरण झाली याची चौकशी करावी आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागावे.

पाचवी गोष्ट पैशाची. विडीचे जे पैसे वाचतात ते डोळ्यांना दिसले पाहिजेत. आपल्या बाजारात भिशी नवी नाही. मंडळाने रोज तेवढीच रक्कम एका डब्यात जमा करावी आणि सहा महिन्यांनी ज्याची त्याला परत द्यावी. यात व्याजाचा प्रश्न येत नाही. फिलिपाइन्समधील मिंडानाओ बेटावर असाच एक प्रयोग झाला आणि त्याचा निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला. तेथे सोडू इच्छिणाऱ्यांनी सहा महिने पैसे जमा करायचे आणि शेवटी तपासणी द्यायची, अशी योजना होती. तपासणीत उतरला तर सारी रक्कम परत, नाही तर ती धर्मादाय कामाला. ज्यांच्यापुढे ही योजना ठेवली गेली त्यांच्यात सोडणारे अधिक निघाले आणि वर्षानंतरच्या अचानक तपासणीतही तो फरक टिकून होता. रक्कम जप्त करण्याची अट आपल्याकडे नको असे आमचे मत आहे. पैसे साठलेले दिसणे, हेच पुष्कळ आहे.

रमजानची संधी

रोजा ठेवणारा ओढणारा माणूस पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे आपल्याकडे तेरा-चौदा तास, विडीला शिवत नाही. "मला एक तासही जमत नाही" हे म्हणणे तो स्वतःच महिनाभर खोटे ठरवतो. अडचण इफ्तारनंतर येते. दिवसभराची भरपाई रात्री होते आणि ईदच्या चंद्राबरोबर जुनी सवय परत येते. इंग्लंडमध्ये २०१२ साली सबंध देशाने एकाच वेळी २८ दिवस धूम्रपान सोडावे अशी मोहीम निघाली आणि तिच्यामुळे सोडण्याचे सुमारे साडेतीन लाख जादा प्रयत्न झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सर्वांनी एकदम सोडण्यात हे बळ आहे. आपल्याकडे तर असा महिना दरवर्षी येतो आणि तो कोणाला जाहीर करावा लागत नाही.

मात्र कापड, चप्पल, सुकामेवा, अत्तर, बांगड्या यांच्या व्यापाऱ्यांसाठी रमजान म्हणजे ऐन हंगाम असतो. रात्री उशिरापर्यंत गर्दी, अपुरी झोप आणि डोक्याला ताप. अशांनी शाबानच्या सुरुवातीलाच तारीख धरावी, म्हणजे कठीण दिवस आधी उलटून जातात आणि रमजान पक्का करण्याच्या कामी येतो. मंडळाची बैठक तरावीहनंतर दहा मिनिटे ठेवता येईल. चांदरात आणि ईदचे तीन दिवस धोक्याचे आहेत. त्या दिवशी पाकीट पुढे करणारे पाहुणे येतात. तेव्हा जोडीदाराने जोडीदाराला सोडू नये.

काही सावधगिरी

विडी सोडून गुटखा, मावा, खैनी किंवा मशेरीकडे वळणे म्हणजे एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढणे होय. तोंडाचा कर्करोग तेथेच वाट पाहत असतो. हुक्काही निर्दोष नाही. ज्यांना उठल्या-उठल्या पहिली विडी लागते त्यांचे व्यसन बहुधा जास्त मुरलेले असते. त्यांनी डॉक्टरांना जरूर भेटावे. निकोटिनचे च्युइंग गम, चिकटपट्टी आणि काही गोळ्या यांचा उपयोग होतो, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांनी तर आधी विचारावेच. सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०१६ साली सुरू झाली आणि २०१८ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह आणखी केंद्रे तिला जोडली गेली. फोनवर सल्लागार बोलतात. मंडळ आणि ही सेवा दोन्ही वापरावी. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

आमच्या वाचकांत पान-विडीचे दुकान चालवणारे तांबोळी बंधू आहेत, विड्या वळणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या पोटावर पाय यावा असे आमचे म्हणणे नाही. दुसरा माल हळूहळू वाढवून तंबाखूचा वाटा कमी करणे हा त्यांच्यापुढचा मार्ग आहे आणि तो एका दिवसाचा नाही. त्यांच्यातही ओढणारे आहेत आणि त्यांची छातीही इतरांसारखीच आहे.

शेवटी शिकाऊ पोरांचा विचार करावा. आपल्याकडे कसब शाळेत शिकवले जात नाही. ते उस्तादाजवळ बसून शिकले जाते. मिरजेत सतार घडवणारा असो, गॅरेजमधला फिटर असो की जरीकाम करणारा असो, पोरगा उस्तादाचा हात पाहतो. त्या हातात विडी असली तर तीही शिकतो. "जा, कट्टा घेऊन ये" म्हणून ज्याला टपरीवर पाठवले जाते, तोच पुढे आपला कट्टा विकत घेतो. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे. त्याशिवाय कापूस, कापड, लाकडाचा भुसा, थिनर आणि स्पिरिट जेथे असते तेथे एक ठिणगी सारी कमाई जाळू शकते. कारखान्यात पाटी लावण्यास दहा मिनिटे लागतात. पण मालकाने स्वतः सोडली तरच ती पाटी कारागीर वाचतो.

ज्या बंधूंची सुटून वर्ष, दोन वर्षे, दहा वर्षे झाली आहेत, त्यांना आमची खास विनंती आहे. आपण सुटलात, ही गोष्ट आपल्यापाशी ठेवू नका. आपल्या गल्लीतील, आपल्या मार्केटमधील ओढणारे कोण ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांतील दोघांना या जुम्याच्या नमाजनंतर चहाला बोलवा. उपदेश नको, आपली हकिकत सांगा आणि एक तारीख विचारा. दोघे तयार झाले तर मंडळ सुरू झाले असे समजा. दुकानातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडण्याआधी दहा मिनिटे लवकर या.